पाड्यावरची लाह

ऋताच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं म्हणून मी नंदुरबारला गेले. नाहीतर मी कशाला जाते? मला रस्त्याआधी त्याच्या कडेची दरी दिसते. गॅस बंद केलाय का हे बघायला मी जिना दोनदा चढणारी बाई आहे. पण गाडी मला बरी चालवता येते, आणि ऋताला त्या आठवड्यात जाणं भागच होतं. ड्रायव्हर करू म्हणाली, तर मला अनोळखी ड्रायव्हरची भीती वाटली. शेवटी नाशिकहून मीच निघाले, शेजारी हात गळ्यात बांधलेली मुलगी आणि मागच्या सीटवर तिचे डबे, वायरी, लॅपटॉप.

ऋता एका परदेशी वीजकंपनीत इंजिनिअर आहे. देशोदेशी पवनचक्क्या उभारायच्या, माळरानं सौर पॅनलांनी झाकायची, हा त्यांचा धंदा, आणि तो झपाट्याने वाढतोय. पण दिवस मावळला की पॅनल झोपतं आणि वारा तर आपल्याच मर्जीचा. नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. म्हणून कंपनीने आता आणखी एक काम काढलंय. ज्यांना तासभर थांबणं जमेल त्यांना थांबायला सांगायचं. शीतगृह, पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, ज्याचं काम थोडं पुढे ढकललं तर बिघडत नाही असं काहीही. थांबल्याबद्दल त्यांना मोबदला. ऋता याला ‘फ्लेक्स’ म्हणते. मला फ्लेक्स म्हटलं की चौकातले वाढदिवसाचे बोर्ड आठवतात, पण ते जाऊ दे.

धडगावच्या पुढे सातपुड्यात एक पाडा आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे बायकांच्या गटाचं लहानसं शीतगृह आहे. सीताफळाचा गर काढून त्या तो गोठवून ठेवतात. दर हंगामात वीज जाते, कधी कधी दिवसदिवस येत नाही, आणि गर काळा पडतो. ऋताने त्या बायकांना शब्द देऊन ठेवला होता. एका संध्याकाळी आमचा निरोप येईल, तेव्हा पाड्यावरची सगळी मशिनं तासभर बंद ठेवून दाखवा. तेवढं जमलं की तुमचा पाडा योजनेत घेऊ आणि शीतगृहाला पॅनल आणि बॅटरी बसवून देऊ.

ऋताच्या साहेबाला हे पसंत नव्हतं. मैदानातली मोठी शीतगृहं सोडून डोंगरातली चिल्लर कशाला वेचायची, असं त्याचं म्हणणं. भांडून भांडून तिने एक चाचणी मिळवली होती. एकच. ती फसली तर डोंगर सोडायचा. आणि शब्द कंपनीने नव्हे, माझ्या मुलीने दिला होता, हे मला गाडी सुरू केल्यापासून टोचत होतं.

विसरवाडी

साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या लागल्या. एकही फिरत नव्हती. मला वाटलं, झालं, हा अपशकुन. ऋता म्हणाली, “आई, वारा पडलाय. म्हणून तर आपण चाललोय.” तिचं सगळं असं सरळ असतं.

विसरवाडीला ट्रकांच्या गर्दीत एका टपरीशी गाडी लावली. चहावाला उंच, पांढऱ्या मिशांचा. ड्रायव्हरच्या दारातून मी उतरलेली बघून तो पुढे आला.

“ताई, गाडी तुम्हीच चालाई ऱ्हायनात का?”

“हो. मुलीचा हात मोडलाय.”

“कथा जाई ऱ्हायनात?”

धडगावला, चांदसैली घाटातून, असं सांगितल्यावर त्याने चहा गाळता गाळता माझ्याकडे नीट पाहिलं. “घाटमा हॉर्न वाजत ऱ्हावा. अन् समोर ढोर दिसनं का थांबी जावा. ते वाट देस नही, आपलेच देनी पडस.”

हा सल्ला मी धडगावपर्यंत मनात घोकत होते. आणि त्या घोकण्याच्या नादात माझी विजेरी टपरीच्या बाकड्यावर राहिली. अंधारी जागा म्हटली की मी विजेरी हातातच ठेवते, आणि टपरीमागच्या शौचालयात दिवा नव्हता. नंदुरबार येईपर्यंत ते लक्षात आलं नाही. मागे वळायचं का, असं मी ऋताला विचारलंसुद्धा.  तेवढ्यात रस्त्याकडेला वाळत घातलेल्या मिरचीच्या झणझणीत खाटानं आम्हा दोघींना असा काही शिंकांचा सपाटा लागला, की विजेरी विसरून मी गाडी कडेला घेतली.

शहादा

पुरुषोत्तमनगरच्या अलीकडे रमणभाईंचं केळी पिकवण्याचं शीतगृह आहे. तापीकाठची त्यांची शेती जुनी. त्यांच्याकडेही त्याच संध्याकाळी चाचणी होणार होती, पण त्यांची कोणाला काळजी नव्हती. मोठं गिऱ्हाईक, मोठा आकडा. मुक्काम त्यांच्याकडेच होता. काकूंनी कळण्याची भाकरी आणि शेवभाजी वाढली. उडीद-ज्वारीची ती करडी भाकरी मी पहिल्यांदाच खाल्ली आणि रस्सा इतका तिखट की डोळ्यांतून पाणी. “ताईसना ताटमा दही वाढ,” असं रमणभाई आतमध्ये ओरडले.

जेवताना मी विचारलं, “तासभर बंद ठेवलं तर केळी खराब नाही होणार?”

ते हसले. “बंद कोन करस? त्यासनी लाईट बंद करसू अन् मन्हं जनरेटर चालू करसू. त्यासनं बी काम व्हयनं, मन्हं बी.”

ऋताचा घास हातातच राहिला. नियमात बसत होतं, असं तिने मला नंतर सांगितलं. सरकारी तारेवरचा भार उतरला की कंपनीचं काम झालं. मग डिझेलचा धूर कोणी मोजत नाही. “मग तुझ्या पाड्यावर जनरेटर आहे का?” मी विचारलं.

“नाही.”

“मग ते खरंच बंद करणार?”

“खरंच बंद करणार.” ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली. मी जागीच. गर वितळला तर? माझ्या मुलीच्या सांगण्यावरून बायका स्वतःच्या हाताने शीतगृह बंद करणार, आणि आतला गर काळा पडला तर?

चांदसैली

घाटाचं वर्णन मी करू शकणार नाही, कारण मी तो पाहिलेला नाही. मी फक्त गाडीपुढचा रस्ता पाहिला. एका वळणावर खरोखरच म्हैस आली. मी थांबले, तिने वाट दिली नाही, मीच रिव्हर्स घेतला. मागे दरी होती, असं ऋता वर पोचल्यावर म्हणाली. बरं झालं आधी म्हणाली नाही. वर आल्यावर हात स्टिअरिंगवरून सुटेनात. बोटं एकेक करून तिनेच डाव्या हाताने सोडवली.

मग मात्र मी डोंगर बघितला. उतारावर ज्वारी कापणीला आलेली, मध्येच तुरीचे पट्टे, आणि बांधाबांधाला सीताफळाची झाडं. आमच्याकडे गाव म्हणजे घराला घर लागलेलं. इथे प्रत्येक घर आपल्या टेकडीवर, आपल्या शेतात. हाक मारायची तर दरी ओलांडून मारायची. एवढी लांब लांब राहणारी माणसं एका वेळी काय करू शकणार, अशी शंका मला तिथेच आली.

पाडा

शीतगृह म्हणजे पत्र्याच्या शेडमधली जाड दाराची एक खोली. बाहेरच्या पडवीत दहा-बारा बायका सीताफळं फोडून गर काढत होत्या, बिया पाटीत, गर स्टीलच्या डब्यात, आणि माश्या सगळ्यांच्या डोक्याभोवती. हात इतके भराभर चालत होते की बघताना मला धाप लागली. गटाची प्रमुख हिरकीबाई पावरा. माझ्याच वयाची, बारीक, कानात चांदीचे जड दागिने.

“तू आई हिची?” तिने ऋताकडे मान करून विचारलं.

“हो.”

“तू गाडी घेऊन आली घाटातून?”

“आले कशीबशी.”

“हुशार आहे,” ती म्हणाली आणि एक पिकलेलं सीताफळ माझ्या हातावर ठेवलं. तिकडे सगळे सगळ्यांना ‘तू’ म्हणतात, कलेक्टरलाही. मला पहिल्या मिनिटाला जरा खटकलं, दुसऱ्या मिनिटाला बरं वाटलं.

शीतगृहाला लागूनच, त्याच बोर्डावरची, एक ऑफिसवजा खोली होती. तिथे आमच्या खाटा टाकल्या होत्या. दुपारी ऋता मशिनांवरचे डबे तपासत हिंडली. प्रत्येक मशिनच्या बोर्डात एक छोटा डबा, तो टेकडीवरच्या अँटेनाला कळवणार की वीज आहे की नाही, मशिन चालू आहे की बंद. मी हिरकीबाईजवळ बसून बिया वेचू लागले. माझ्या एका फळाला त्यांची चार व्हायची.

“ऋताने तुम्हाला हे सगळं कसं समजावलं?” मी विचारलं. मलाच अजून धड समजलं नव्हतं.

“तिने खूप बोलली. आमाला काही कळला नाही.” बाकीच्या बायका हसल्या. “मग मी बोलली, म्हणजे लाह ना? ती बोलली, हां, हां, लाह.”

लाह म्हणजे काय ते तिने मला सांगितलं. कोणाची ज्वारी कापायची असते, कोणाचं घर बांधायचं असतं. एकट्याच्याने होत नाही. तो लाह बोलावतो. मग घरटी माणूस येतं, मजुरी कोणी मागत नाही, ज्याचं काम त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. उद्या तुमचं काम निघालं की तुम्ही बोलवा, सगळे येतील. आज कंपनीला वीज पुरत नाही, तिच्या एकटीच्याने होत नाही, तिने बोलावलं, म्हणून पाडा येणार. इतकं सरळ.

“आणि बोलावूनही कोणी आला नाही तर?”

“काही नाही.” हिरकीबाईने डबा पुढे सरकवला. “परत त्याला कोणी बोलावत नाही.”

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. मी उठून ऋताला गाठलं. म्हटलं, “अगं, लाह म्हणजे नुसतं थांबणं नाही. ते सगळे मिळून करतात. आणि मग परतफेड असते.”

“आई, छान शब्द आहे तो. मी प्रेझेंटेशनमध्ये टाकलाय.”

“पण तुला नीट कळलंय ना ते काय समजून बसलेत?”

“मशिनं बंद ठेवायचीत, एवढं कळलं की झालं. तू जरा पड बघू. घाटाने तुझं बीपी वाढलंय.”

बीपी वाढलं होतं हे खरं.

दिवेलागण

पाड्यावर मोबाईलला रेंज नाही. रेंज फक्त वरच्या टेकडीवरच्या एका खडकापाशी. म्हणून ठरलं असं, की ऋता आणि गिरणीवाला रायसिंग खडकावर बसणार, कंपनीचा निरोप आला की रायसिंग ढोल वाजवणार, आणि खाली मशिनं बंद होणार. तास संपला की पुन्हा ढोल. परदेशातल्या कुठल्या तरी काचेच्या इमारतीतून निघालेला निरोप शेवटी ढोलावर येणार, याची ऋताला फार गंमत वाटत होती. मला वाटत नव्हती.

सूर्य डोंगराआड गेला. शीतगृहाचा कॉम्प्रेसर घरघरत होता. बायका हात धुऊन पडवीत उभ्या होत्या. आतमध्ये त्यांच्या हंगामाची सगळी मेहनत डब्यांत रचून ठेवलेली. 

ढोल वाजला.

हिरकीबाई बोर्डाजवळ गेली. ऋताने तिला फक्त कॉम्प्रेसरचं बटण दाखवलं होतं. तिने ते दाबलं, आणि मग वरचा मोठा मेन स्विचही खटकन खाली ओढला. दिवा गेला. मी म्हणणार होते, अहो, मेन कशाला? पण तेवढ्यात बाहेर पाहिलं. समोरच्या टेकडीवरचा दिवा गेला. मग त्याच्या पलीकडचा. मग नाल्याकाठची घरं. एकेका बल्बची घरं, ज्यांच्याकडे मशिन नाही, डबा नाही, ज्यांना कंपनीने काहीच सांगितलेलं नाही, तीही विझत गेली. ढोल लाहेचा होता, मग मागे कोण राहणार?

“ये, बाहेर बस आमच्यासंगे,” हिरकीबाई म्हणाली.

“आले,” म्हटलं. बीपीची गोळी राहिली होती. खोलीत गेले तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. फोनची बॅटरी घाटातच संपलेली. विजेरी विसरवाडीला. मी चाचपडत पिशवी शोधली, खाटेचा कोपरा गुडघ्याला लागला, आणि तेवढ्यात माझ्या पायाजवळून काहीतरी सळसळत गेलं.

पुढे काय झालं ते सरळ सांगते. मी भिंत धरून बोर्डापर्यंत गेले आणि मेन स्विच वर केला.

दिवा लागला. ती पाल होती. भिंतीवर चढून माझ्याकडे बघत होती. मी गोळी शोधली, पाणी प्यायले, श्वास जागेवर येईपर्यंत खाटेवर बसले. मग खिडकीतून बाहेर नजर गेली. अंगणात सगळा पाडा बसला होता, बायका, म्हातारे, मुलं, आणि सगळ्यांची तोंडं माझ्या खिडकीकडे. अख्ख्या दरीत तेवढा एकच उजेड होता.

मी स्विच खाली ओढला आणि बाहेर येऊन हिरकीबाईशेजारी बसले.  तिने सरकून जागा दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या सोसायटीत मोटर जळू नये म्हणून तासभर लिफ्ट वापरू नका अशी पाटी लावली होती, तेव्हा पाचच मिनिटांत कोणीतरी लिफ्टनेच वर गेलं होतं, आणि सगळ्यांत जास्त आरडाओरडा मी केला होता. तो आरडाओरडा आता माझ्याच कानात वाजत होता.

तास सरता सरेना. मी मनातल्या मनात गराला गोठून राहा, गोठून राहा म्हणत होते. शेवटी ढोल वाजला. टेकड्यांवर दिवे परत आले, कॉम्प्रेसर घरघरला. हिरकीबाईने दार किलकिलं करून एका डब्यावर बोट दाबलं आणि मान हलवली. गर दगडासारखा होता. बायका एकदम बोलायला लागल्या.

मग ऋता टेकडीवरून उतरली. रायसिंगचा हात धरून, ठेचकाळत, रडत.

“रद्द,” ती म्हणाली. “साहेब म्हणतात चाचणी रद्द. सगळे डबे एकदम मेले. एकूण एक. ते म्हणतात लाईट गेली होती, माणसांनी बंद केलेलं नाही. एवढी माणसं एका मिनिटात सगळं बंद करतात यावर त्यांचा विश्वासच नाही बसत.”

सगळ्यांनी मेन ओढले होते, त्यामुळे डब्यांचीच वीज गेली होती. काम इतकं पुरं झालं होतं की ते झालंय हेच दिसत नव्हतं. हिरकीबाईला मी ते साध्या शब्दांत सांगितलं. तिने विचारलं, “मग आमी थोडं सोडायला पाहिजे होतं?”  रायसिंग ढोल खाली ठेवून जमिनीकडे बघत बसला.

ऋता डोळे पुसून लॅपटॉपमध्ये डोकं घालून होती. अचानक थांबली. “शीतगृहाचा डबा मध्ये जिवंत झालाय. थोडा वेळ. वीज आहे म्हणतोय. कॉम्प्रेसर बंद.” तिने वर पाहिलं. “म्हणजे लाईट होती! आई, हा पुरावा आहे! मध्येच मेन कोणी वर केला?”

 सगळ्यांना माहीत होतं. हिरकीबाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मला वाचवायला.

“मी,” मी म्हटलं.

ऋताने मला मिठी मारली, प्लास्टर माझ्या बरगडीत घुसलं. ती लगेच परत खडकाकडे धावली, साहेबाला कळवायला. मी अंगणात उभी. मुलीचं काम माझ्यामुळे वाचणार होतं, आणि त्या अख्ख्या पाड्यात लाह मोडणारी मी एकटी होते.

परत

सकाळी चहा आला, सीताफळांची पाटी गाडीत ठेवली गेली. रागावलं कोणी नाही. तेच मला लागलं. त्या दिवशी पलीकडच्या टेकडीवर ज्वारी कापायची लाह होती. बायका विळे घेऊन निघाल्या. मी हिरकीबाईला म्हटलं, “मीही येते ना. थोडी कापीन.”

ती थांबली. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती अडचण होती. “लाहेला विचारून येत नाही,” ती म्हणाली. “बोलावल्यावर येतात.” आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून, “घाट सांभाळून उतर.”

घाटात अर्ध्यावर रेंज आली आणि साहेबाचा निरोपही. चाचणी मान्य. पाडा योजनेत. ऋता ओरडली, मी दचकून ब्रेक मारला. ती हसत होती, रडत होती, घरी फोन लावत होती. “आई, तू नसतीस तर?” असं दहा वेळा म्हणाली. मी म्हटलं, रस्ता बघू दे.

विसरवाडीच्या चहावाल्याने आम्हाला बघताच टपरीच्या आतून माझी विजेरी काढली. “ताई, तुमनी बॅटरी. मी सांभाळी ठेयेल व्हती.” मी ती हातात धरली आणि मला एवढं रडू आलं की तो बिचारा घाबरला. ऋताला वाटलं, घाटाचा शीण.

नाशिकला आल्यावर ऋताचं प्लास्टर निघालं. शीतगृहावर पॅनलं बसली, बॅटरी बसली. तिने फोटो दाखवला, पडवीत बायका ओळीने उभ्या, हिरकीबाई मधोमध, फोटोसाठी जराही न हसता. कंपनीच्या नव्या पुस्तिकेत तो फोटो छापला आहे. गुजरातेत, कर्नाटकात त्यांनी आता असेच गट धरलेत म्हणे. पाड्यावर ऋताने नीट सांगून ठेवलंय, मेन ओढायचा नाही, घरातले दिवे चालू राहू द्या, फक्त मशिन बंद. “ऐकतात का?” मी विचारलं. “डब्याचे मेन नाही ओढत आता,” ती म्हणाली. “पण घरातले दिवे मात्र सगळे विझवतात. का कोण जाणे.”

मला का ते माहीत होतं.  ऋताने हिरकीबाईचा नंबर मला आणि माझा तिला देऊन ठेवला होता. मी तो पुष्कळदा काढून बघितला, लावला कधीच नाही. काय म्हणणार होते?

परवा संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावून टीव्ही लावला होता. समोरच्या बिल्डिंगचे सगळे मजले उजळलेले. फोन वाजला. पलीकडून आधी वारा, मग ढोल.

“मी हिरकी. खडकावरून बोलते.”

“हिरकीबाई! काय झालं? गर ठीक आहे ना?” माझी सवय.

“गर ठीक आहे. कंपनीचा निरोप आला. लाह आहे.” मग ती म्हणाली, “तू पण बंद कर.”

माझ्या फ्लॅटला कसला डबा नाही, माझी तासाभराची वीज कोणाच्या हिशोबात नाही. मी उठले. देवापुढचा दिवा आधी विझवावा की मेन आधी ओढावा, हेही सुचेना. फुंकर मारली, देवाची क्षमा मागितली, आणि दारामागचा मेन खाली ओढला. फ्रिज घरघरून गप्प झाला. विजेरी टीव्हीवरच होती. ती मी हातात घेतली नाही. भिंत धरून खुर्चीपर्यंत आले आणि बसले. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, “तुमचीच गेली का लाईट?” मी आतूनच म्हटलं, “नाही, आहे.” त्या गोंधळून निघून गेल्या.

 स्वयंपाकघरात काहीतरी वाजलं, मी हलले नाही.

फोन कानालाच होता. मला वाटलं तिने ठेवला असेल.

“बसली का?” हिरकीबाईने विचारलं.

“बसले.”

“भीती वाटते?”

“खूप.”

“आमी पण बसलो,” ती म्हणाली.